‘कोणतं डिझाइन बघायला बरं वाटतं?’ हे मोजायला निघालेले गुस्ताव फेक्नर

एकाच अ‍ॅपची दोन डिझाइन्स युझरपुढे ठेवायची आणि कोणतं बघायला बरं वाटतं ते विचारायचं, हे आमच्या कामात रोजचंच. पण ‘बरं वाटणं’ प्रयोग करून मोजता येईल, हे कुणाच्या डोक्यात आलं? याचा माग काढत मी पोचलो कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीच्या जर्मनीत, गुस्ताव फेक्नर यांच्यापाशी.

फेक्नर यांचा जन्म १८०१ सालचा, एका खेड्यातल्या पाद्र्याच्या घरातला. लाइपझिगला ते वैद्यकी शिकले, पण रमले भौतिकशास्त्रात आणि १८३४ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. प्रखर उजेड बघून डोळे मिटले तरी एक ठसा रेंगाळतो ना, त्याचा अभ्यास ते करत होते. त्यासाठी रंगीत काचांमधून चक्क सूर्याकडे बघायचे. व्हायचं तेच झालं. १८४० च्या सुमारास डोळ्यांना उजेड सोसेना, प्राध्यापकी सोडावी लागली आणि जवळपास तीन वर्षं अंधारात काढावी लागली.

बरे झाल्यावर त्यांनी मनाकडे मोर्चा वळवला. बाहेरची गोष्ट आणि ती मनात उमटवते ती संवेदना, यांचं नातं गणितात मांडणारं त्यांचं पुस्तक १८६० मध्ये आलं. पुढे ते सौंदर्याकडे वळले. सुंदर काय हे तोवर तत्त्वज्ञ ठरवायचे; फेक्नर यांनी साध्या माणसांना विचारलं.

त्यांनी दहा पांढरे आयत घेतले. क्षेत्रफळ सगळ्यांचं सारखं, फरक फक्त लांबी-रुंदीच्या प्रमाणात. सगळ्यात जास्त कोणता आवडला आणि सगळ्यात कमी कोणता, एवढंच विचारायचं. १८७६ च्या पुस्तकात त्यांनी ३४७ जणांची उत्तरं दिली. सुमारे ३५ टक्के लोकांनी सुवर्ण गुणोत्तराचा, म्हणजे ३४:२१ प्रमाणाचा आयत निवडला, आणि तो नावडता म्हणून कुणीच सांगितला नाही.

आयतांचा हा प्रयोग गाजला, पण मला जास्त जवळचा वाटतो तो त्यांचा फसलेला प्रयोग. १८७१ मध्ये ड्रेस्डेनच्या प्रदर्शनात होल्बाइनच्या मॅडोनाच्या चित्राच्या दोन आवृत्त्या शेजारी लावल्या होत्या. अस्सल कोणती, यावर पंडितांचा वाद चालू होता. फेक्नर यांनी तिथे एक वही ठेवली आणि कोणतं चित्र जास्त भावलं ते लिहा, असं प्रेक्षकांना सुचवलं. येऊन गेले अकरा हजारांहून जास्त लोक, लिहिलं फक्त ११३ जणांनी! त्यातलीही बरीच उत्तरं बाद करावी लागली; कुणी सूचनाच पाळल्या नव्हत्या, तर कुणी आधीच मत बनवून आलेले जाणकार होते. आपल्या फीडबॅक फॉर्मचं दुखणं इतकं जुनं आहे.

१८८७ मध्ये लाइपझिगमध्येच फेक्नर वारले. आज सुवर्ण गुणोत्तर म्हणजे हमखास आवडणारं डिझाइन, असं लोगोच्या प्रेझेंटेशनमध्ये सर्रास सांगतात. पण त्या ३४७ मधल्या ६५ टक्के लोकांनी दुसराच आयत उचलला होता. त्यामुळे पुढच्या टेस्टमध्ये एका वेळी एकच गोष्ट बदला, आवडीसोबत नावडही विचारा आणि ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांचा आकडाही रिपोर्टमध्ये लिहा. हे तिन्ही धडे फेक्नर यांच्या कामातच सापडतात.