रमाबाई रानडे

निफाड गावी जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली निवर्तले. अखेरच्या दुखण्यात त्यांची शुश्रूषा पत्नी रमाबाईंनी केली. पुढे पुण्यास राहून त्या ससून रुग्णालयातील रोग्यांची विचारपूस करू लागल्या. त्या काळी घरातील वृद्ध अंथरुणास खिळले, तर लेकीसुना त्यांची सेवा करीत. परंतु परक्या रोग्यास हात लावणे घरंदाज स्त्रीस कमीपणाचे वाटे. विधवेने तर उंबरठाही ओलांडू नये! १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. त्याची धुरा रमाबाईंनी वाहिली. तेथील विधवा ससूनमध्ये परिचारिकेचे काम शिकू लागल्या, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. रमाबाई डगमगल्या नाहीत. काल ज्यांना घरात कोणी विचारीत नव्हते, त्याच स्त्रिया आता मरणोन्मुख अनोळखी माणसांच्या उशाशी रात्र रात्र जागू लागल्या.