श्रीधर व्यंकटेश केतकर
डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (२ फेब्रुवारी, १८८४, रायपूर – १० एप्रिल, १९३७, पुणे) हे समाजशास्त्रज्ञ, कादंबरीकार आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक होते. ते 'ज्ञानकोशकार' या नावाने ओळखले जातात.

त्यांचे शालेय शिक्षण वऱ्हाडात अमरावतीस झाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात काही काळ शिकून ते १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून १९१२ साली स्वदेशी परतले. भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता.

=== ज्ञानकोश ===
१९१६ च्या सुमारास केतकरांनी नागपुरात भागभांडवलावर ज्ञानकोश मंडळ स्थापन केले. पुढे हे काम पुण्यास हलले. कोशाचे एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच प्रस्तावनाखंड विषयवार आहेत, वर्णानुक्रमाने नाहीत. सहा ते एकवीस हे सोळा शरीरखंड मात्र अकारविल्हे रचलेले आहेत. क्रम ठरलेला असल्याने दरवेळी अर्धे खंड वगळत गेल्यास चार पायऱ्यांत हवा तो खंड हाती लागतो. संगणकशास्त्रातील द्विभाजन शोध याच तत्त्वावर चालतो.

परंतु वर्णानुक्रम फक्त लेखाच्या शीर्षकाचे स्थान सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची माहिती हवी असलेला वाचक 'ल' अक्षराकडे वळेल. तीच माहिती जिल्ह्यावरील लेखात आली असेल, तर तिचा ठाव त्याला तेथे लागणार नाही. प्रस्तावनाखंडांतील मजकुराबाबत तर ही अडचण अधिकच होती. परकीय नावांचे देवनागरी रूप वाचकाने ओळखावे लागे, ते वेगळेच. ही उणीव भरून काढण्यासाठी बाविसावा खंड पूर्णपणे सूचीस दिला गेला. वर्गणीदारांच्या पैशावर चाललेल्या प्रकल्पात वाचनासाठी नव्हे, तर केवळ शोधण्यासाठी एक सबंध खंड काढणे हा धाडसी निर्णय होता. त्यावाचून आधीच्या खंडांतील बराच मजकूर असून नसल्यासारखा झाला असता. तेविसावा खंड हिंदुस्थानविषयक पुरवणीचा आहे.

=== उत्तरायुष्य ===
१९२० साली त्यांचा विवाह एडिथ कोहन (शीलवती केतकर) यांच्याशी झाला. 'ब्राह्मणकन्या', 'गोंडवनातील प्रियंवदा' इत्यादी कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. १९३१ साली हैदराबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. गुजराती ज्ञानकोशाचे त्यांनी हाती घेतलेले काम अपुरे राहिले. अखेरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली.

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानाने ज्ञानकोश पुढे महाजालावर उपलब्ध करून दिला.