अंगणवाडीच्या जननी : ताराबाई मोडक

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या वस्त्यांतून अंगणवाडीकडे निघालेली चिमणी मुले आपण रोज पाहतो. ती अंगणवाडी ज्यांच्या खटपटीतून जन्मली, त्या ताराबाईंचे आज स्मरण करू या.

त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईस झाला. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. संसारसुख फार काळ लाभले नाही; पण त्या खचल्या नाहीत. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात त्या काम करू लागल्या. छडीच्या धाकाने शिकविण्याऐवजी मुलाला स्वतःच्या हाताने करू द्यावे, हे मर्म तेथे त्यांच्या मनात ठसले. १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढले.

परंतु मॉन्टेसरीची महागडी साधने गरिबाच्या मुलाला कशी मिळावी? १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघरमधील) बोर्डीस गेल्या. अनुताई वाघ यांची साथ मिळाली. खडे, शिंपले, पाने, बिया हीच साधने झाली. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे कार्य चालले. १९६२ साली पद्मभूषण लाभले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

मूल तीन वर्षांचे होते न होते, तोच किती अक्षरे आली, असे आपण विचारतो. त्याऐवजी आज काय खेळलास, असे विचारू या. ताराबाईंना तेच खरे अभिवादन ठरेल.