जोसेफ स्मिथ

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याचा जन्म अमेरिकेत व्हर्मांट संस्थानी इ. स. १८०५ साली झाला. त्याच्या मतांची चिकित्सा येथे कर्तव्य नाही. अधिकाऱ्यांनी त्याच्याशी कसे वर्तन केले, एवढेच सांगावयाचे आहे.

१८३० साली त्याने आपली मंडळी स्थापिली. मिसुरी संस्थानात तिची वस्ती वाढली, तसे जुन्या रहिवाशांशी तंटे झाले. दोष दोहोंकडे होता. तथापि १८३८ साली गव्हर्नर बॉग्ज याने, या लोकांस हाकून द्यावे अथवा त्यांचा समूळ नाश करावा, असा हुकूम काढिला. हजारो माणसे घरेदारे टाकून इलिनॉय संस्थानात गेली. तेथे स्मिथ नॉवू नगराचा नगराध्यक्ष झाला. आणि १८४४ च्या जून महिन्यात, त्याच्या बहुपत्नीकत्वाचा बोभाटा करणाऱ्या पत्राचा छापखाना त्याने मोडविला. ज्याने जुलूम सोसला, त्यानेच हे करावे ना!

दंग्याच्या आरोपावरून वॉरंट निघाले. गव्हर्नर फोर्ड याने संरक्षणाचे वचन दिल्यावरून तो कार्थेज येथे स्वाधीन झाला व तुरुंगात पडला. २७ जून रोजी फोर्ड नॉवूस गेला असता, ओळखू येऊ नये म्हणून तोंडास काजळी फासलेला जमाव तुरुंगात शिरला. पहारेकऱ्यांनी नावापुरताच प्रतिकार केला. जोसेफ व त्याचा भाऊ हायरम हे दोघेही गोळ्यांनी मेले. १८४५ साली पाच जणांची चौकशी होऊन सर्व निर्दोष सुटले. बॉग्जचा हुकूम मिसुरीच्या गव्हर्नराने रद्द केला, तो १९७६ साली.