मॉर्फिनचा शोध: फ्रीडरिश झेर्ट्युर्नर आणि अफूच्या डोसचा प्रश्न

खसखशीच्या बोंडांचा चीक वाळवला की अफू मिळते. तिच्यामुळे दुखणं थांबतं, हे माणसाला हजारो वर्षांपासून माहीत होतं. अडचण होती मात्रेची. एका शेतातली अफू कडक, दुसऱ्या शेतातली सौम्य. तेवढ्याच वजनाची अफू एकाला कमी पडायची आणि दुसऱ्याचा जीव घ्यायची. मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या भाषेत सांगायचं तर इनपुटच दरवेळी वेगळं असेल, तर आउटपुटची खात्री कोण देणार?

यावर काम केलं जर्मनीतल्या पाडरबॉर्न गावात औषधांच्या दुकानात शिकणाऱ्या एका पोरानं. १७८३ साली जन्मलेल्या झेर्ट्युर्नरकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १८०५च्या सुमारास त्यानं अफूचा अर्क काढून त्यात अमोनिया घातला. तळाशी साका बसला. तो आम्ल आणि अल्कोहोल वापरून शुद्ध केल्यावर स्फटिक मिळाले. ते कुत्र्यांना दिले, तर कुत्री झोपी गेली. म्हणजे अफूतला गुंगी आणणारा घटक सापडला होता!

हे असं का घडलं? मॉर्फिन अल्कधर्मी आहे. आम्लात त्याचा क्षार बनतो आणि तो पाण्यात विरघळतो. अमोनिया घातला की मॉर्फिन सुटं होऊन खाली बसतं. वनस्पतींतून असे घटक काढताना हीच युक्ती आजही वापरतात.

सुरुवातीच्या लेखांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मग त्यानं स्वतःवर आणि तीन तरुणांवर प्रयोग केला. पाऊण तासात तीनदा, दरवेळी अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम. विषबाधेची लक्षणं दिसू लागली, तेव्हा उलटी व्हावी म्हणून सगळ्यांना व्हिनेगर पाजावं लागलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १८१७ मध्ये त्यानं हे सगळं छापलं. फ्रान्समधल्या गे-ल्युसॅकनं त्याचं महत्त्व ओळखलं, आणि १८२० मध्ये तिथेच पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळं केलं.

१८२७ मध्ये मर्क कंपनी मॉर्फिन विकू लागली. झेर्ट्युर्नर १८४१ मध्ये हामेलन गावी वारला. मॉर्फिनचं व्यसन लागतं. शुद्ध केल्यानं तो धोका गेला नाही. पण डॉक्टरला निदान किती देतोय हे मोजता येऊ लागलं. माझ्या मते त्याचं खरं काम हेच.