‘पंच’मधले पाच कोण? विचारा डॉ. फ्रायरला!

फ्रेशर्स पार्टीत ‘फ्रूट पंच’ प्यायलाय ना? मोठ्या भांड्यात ढवळलेलं आणि डावानं ग्लासात ओतलेलं? त्या ‘पंच’चा बॉक्सिंगशी काही संबंध नाही. तो आपला ‘पाच’ आहे. जगभरातल्या कॉकटेल्सचा जो आजोबा मानला जातो, त्याच्या नावाचा हा उलगडा एका तरुण डॉक्टरनं सव्वातीनशे वर्षांपूर्वी छापून ठेवला. तोही आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर फिरून.

त्याचं नाव जॉन फ्रायर. शिवकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. पण तुम्ही त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा, कारण इथं आला तेव्हा तो जवळपास तुमच्याच वयाचा होता. जन्म १६५०च्या सुमाराचा, वडील लंडनचे. १६७१ मध्ये केंब्रिजमधून वैद्यकीची पहिली पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १६७२ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून गडी जहाजावर चढला. आधी मच्छलीपट्टण, मग मद्रास, आणि १६७३ संपता संपता मुंबई.

तेव्हाची मुंबई म्हणजे बेटं, दलदल आणि नारळाच्या वाड्या. माडांना खत म्हणून कुजकी मासळी घालत, तिचा वास सगळीकडे भरलेला. पाणी वाईट, हवा दमट. इथं येणारे गोरे कारकून आणि शिपाई बहुतेक विशी-पंचविशीचे. फ्रायरनं त्यांचा जो हिशेब मांडलाय, तो वाचून अंगावर काटा येतो. पाचशे जण आले तर त्यातले शंभरही जगत नाहीत, असा त्याचा अंदाज होता. घरापासून हजारो मैल दूर, हातात थोडे पैसे आणि संध्याकाळ खायला उठलेली. अशा वेळी ही पोरं काय करणार? प्यायची.

आणि प्यायची काय? युरोपची बिअर आणि वाइन जहाजातून येईपर्यंत महाग व्हायची, कधी खराबही व्हायची. इथं मात्र माडीपासून गाळलेला ‘अराक’ स्वस्तात मिळायचा. गोव्याचा उर्राक आठवला ना? हे नाव त्याच कुळातलं. नुसता अराक घशाला जाळायचा, म्हणून त्यात लिंबू पिळायचं, साखर घालायची, पाणी ओतायचं आणि वरून जायफळासारखा मसाला किसायचा. मोजा बघू. अराक, लिंबू, साखर, पाणी, मसाला. झाले पाच!

फ्रायरनं नेमकं हेच टिपलं. गोव्यात बार्देशातल्या नेरूळचा अराक सगळ्यात उत्तम, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पंच’ करतात, आणि हा शब्द इथल्या भाषेतल्या ‘पाच’वरून आला, असं त्यानं लिहून ठेवलं. डॉक्टर असल्यामुळे त्याला हे नाव लगेच पटलं. युरोपातले वैद्यही पाच द्रव्यांच्या औषधाला पाचावरून आणि चार द्रव्यांच्या औषधाला चारावरून नाव द्यायचे. आपण नाही का, तीन फळांच्या चूर्णाला त्रिफळा म्हणतो, तसंच. पण गंमत बघा, याच वाक्यात हे पेय माणसाची ताकद काढून घेतं, हेही त्यानं नोंदवलं. आजूबाजूची पोरं मरताना बघत होता ना तो!

आता एक खरी गोष्ट सांगायला हवी. ‘पंच’ शब्द इंग्रजीत त्याच्या आधीच आला होता. १६३२च्या एका पत्रात तो सापडतो. काही अभ्यासक त्याचा संबंध दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशीही जोडतात. तरी ‘पाच’ची व्युत्पत्ती सगळ्यात जास्त चालली.

फ्रायर पंचच्या भांड्याजवळ बसून राहणारा नव्हता. १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेला, तेव्हा फ्रायर मुंबईतच होता आणि त्या वकिलातीची हकिकत त्याच्या पुस्तकात आहे. १६७५ मध्ये जुन्नरच्या मुघल सुभेदारानं त्याला इलाजासाठी बोलावलं. कल्याणवरून घाट चढून तो पोचला. पडद्याआडून नाडी बघायला एक हात पुढे आला. फ्रायर म्हणाला, ही बाई ठणठणीत आहे. बरोबर! त्याची परीक्षा घ्यायला आधी एका दासीचा हात दिला होता. खरी आजारी बेगम नंतर. म्हणजे व्हायव्हा तेव्हाही चुकत नव्हती.

पुढे कारवार, गोकर्ण, सुरत, इराण असं फिरून तो १६८२ मध्ये मायदेशी परतला. पुस्तक मात्र १६९८ मध्ये आलं. १७३३ मध्ये तो वारला, म्हणजे ऐंशी पार करून. ज्या मुंबईत त्याच्या बरोबरीची पोरं पटापट गेली, तिथून तो धडधाकट परतला होता.

त्याच्या पंचनं तर जगच पालथं घातलं. खलाशांनी तो इंग्लंडला नेला, तिथून तो अमेरिकेत गेला. १८६२ मध्ये न्यूयॉर्कच्या जेरी थॉमसचं अमेरिकेतलं पहिलं गाजलेलं बारटेंडिंगचं पुस्तक निघालं, तर सुरुवातीलाच पंचच्या कृती! हळूहळू मोठ्या भांड्याचा एकेक ग्लास झाला. व्हिस्की सावर, डायकिरी, मार्गारिटा ही सगळी एकाच सूत्रावरची नातवंडं. कडक, आंबट, गोड यांचा मेळ. एकानं दुसऱ्याला दाबायचं नाही. हे सूत्र जिभेला पटतं म्हणून साडेतीनशे वर्षं टिकलंय.

आणि हे सूत्र तुम्हाला नवीन थोडंच आहे! बेंबळीच्या स्टँडवर धाराशिवच्या एसटीची वाट बघताना लिंबू सरबत घेता, आईच्या हातचं पन्हं पिता, तेव्हा तोच मेळ असतो. महाराष्ट्रात कडक दारूसाठी कायद्यानं वयाची २५ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, तेव्हा पाचातला पहिला भिडू तूर्त बाहेरच बसवा. उरले लिंबू, साखर, पाणी आणि चिमूटभर जायफळ. चार द्रव्यांच्या मिश्रणालाही नाव असतं, हे डॉ. फ्रायरनं लिहून ठेवलंच आहे. आपण त्याला सरबत म्हणू.