मुंबई कौन्सिल ते शिकारपूरचा टांगा : अल्लाबख्श सुमरो

सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. शिकारपूरचे तरुण अल्लाबख्श सुमरो १९२६ ला मुंबईच्या कौन्सिलवर निवडून आले ते त्यामुळेच. १९३८ ला ते सिंधचे प्रीमियर झाले. लाहोर ठरावानंतर पुढच्याच महिन्यात दिल्लीत फाळणीविरोधी आझाद मुस्लिम कॉन्फरन्स भरली, तिचे सदर तेच. आम्ही वर्गात हे सांगतो तेव्हा मुलं चकित होतात.

खुर्ची गेली, १९४१ ला परत मिळाली. १९४२ ची चळवळ चिरडली जाताना त्यांनी ‘खानबहादूर’ आणि ओबीई हे किताब सरकारला परत केले. ऑक्टोबरात गव्हर्नरने त्यांना काढून टाकलं, तेही असेंब्लीत बहुमत असताना! मार्च १९४३ मध्ये त्याच असेंब्लीने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला. १४ मे रोजी शिकारपुरात टांग्यातून जाताना सुमरोंना गोळ्या घातल्या गेल्या.